ट्रॉलरची वायर जोडावर नाही, जोडाच्या शेजारी तुटली. असं का?

खारा_वारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल पोटात घाला.

माझ्या मामाचा ट्रॉलर आहे, मिरकरवाड्याला असतो. जाळं ओढायला विंचवर (वायर गुंडाळून ओढायचं यंत्र) जी वायर असते, सहा पेडांची, आत तागाचा गाभा, तिच्या एका पेडातल्या बऱ्याच तारा मागच्या महिन्यात तुटून ब्रशसारख्या बाहेर आल्या. नवीन घ्यायची तर हंगाम निम्मा सरलेला आणि मासळीचं हे असं, त्यामुळे मामाने ठरवलं की जूनच्या बंदीत बदलू तोवर ढकलू. बंदरावर एक वेल्डर बसतो त्याच्याकडून तेवढ्या पेडाला वेल्डिंग मारून घेतलं, ग्राइंडरने घासलं, वर ग्रीस चोपडलं, दिसायला एक नंबर. चौथ्या फेरीला जाळं वर घेताना फाडकन गेली. आधी तो पेड गेला आणि मग सगळा भार बाकीच्यांवर येऊन पूर्ण वायरच. टोक उलटं येऊन केबिनवर बसलं, पत्रा असा चिरलाय की कोणी कोयता मारलाय असं वाटावं. खलाशी पुढच्या बाजूला जेवायला बसले होते म्हणून वाचले, नाहीतर काय झालं असतं विचार करवत नाही.

आता माझा प्रश्न. वेल्डर म्हणतो "माझा जोड बघा, शाबूत आहे, तुमची वायरच हलकी." आणि मी जाऊन बघितलं तर खरंच जोड शाबूत! तो पेड तुटलाय जोडापासून दोन बोटं सोडून, आणि तिथल्या तारा निळसर पडल्यात. आमच्या गेटच्या सळईला दहा वर्षांपूर्वी वेल्डिंग केलंय ते अजून जागचं हललेलं नाही, मग हिलाच काय झालं? ही वायर एवढी मजबूत असते ती नेमकी कशाने, कार्बन जास्त म्हणून की अजून काही?

कोयता_कंबरेला

वायर जळली की गेली, ह्यां आमचो आजो पण सांगायचो. पण कित्याक जाता तां त्याका पण म्हायत नव्हता. माका पण नाय. पॉपकॉर्न घेऊन बसतंय. 😄

आडाळी

बापरे, थोडक्यात निभावलं. मलाही हा प्रश्न कधीतरी पडलेला. सेंट्रिंगवाले बांधायला वापरतात ती तार हाताने वळते आणि तानपुऱ्याची तेवढीच जाड तार बोट कापते, दोन्ही लोखंडच की. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

तारवाला

खारावारा, तुमच्या वेल्डरचं म्हणणं अर्धं खरं आहे. जोड शाबूतच असणार. त्याने शेजारची वायर मारली.

३५ वर्षं तार ओढण्याच्या धंद्यात गेली, आता गुहागरला नारळ मोजत बसतो, त्यामुळे वेळ भरपूर आहे आणि प्रतिसाद लांब होणार, आधीच सांगतो.

गेटची सळई आणि विंचची वायर यात फरक असा की सळई साधं लोखंड, कार्बन कमी, तिची जी काही ताकद आहे ती गरम होऊन थंड झाली तरी बऱ्यापैकी तेवढीच राहते. वायरची ताकद मात्र *कमावलेली* असते. आमच्याकडे कच्चा माल यायचा तो साडेपाच मिलिमीटरचा रॉड, वेटोळ्यात, कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास. त्याला आधी ९०० डिग्रीच्या वर लाल करायचा आणि मग वितळलेल्या शिशाच्या बाथमधून न्यायचा, शिसं साधारण ५०० ते ५५० डिग्रीवर. शिशावर कोळशाचा चुरा पसरलेला असायचा हवा लागू नये म्हणून, आणि तार बाहेर येताना त्यातून ठिणग्या उडायच्या. या प्रकाराला पेटंटिंग म्हणतात, आणि नाव गमतीशीर आहे, १८५४ साली बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉलने याचं पेटंट घेतलं म्हणून प्रक्रियेचंच नाव पेटंटिंग पडलं. १८६६ साली अटलांटिकच्या तळाशी जी तारायंत्राची केबल टाकली तिच्यावर त्याच्याच कारखान्यातल्या तारेचं कवच होतं.

मग ती तार डायमधून ओढायची. डाय म्हणजे टंगस्टन कार्बाइडचं भोक, तारेपेक्षा जरा लहान. एका डायमध्ये फार तर १५ ते २५ टक्के जाडी (क्षेत्रफळाने बरं का, व्यासाने नाही) कमी होते, मग पुढचा डाय, मग पुढचा. डायच्या आधी साबणाच्या पावडरीची पेटी असते, तार त्यातून जाते, नाहीतर डाय खाऊन टाकेल. साडेपाचची एक मिलिमीटर केली तर एक मीटरचे तीस मीटर होतात. आणि हे सगळं थंड. म्हणजे घर्षणाने हाताला चटका बसेल एवढी तापते पण भट्टी वगैरे काही नाही. आणि गंमत ही की प्रत्येक डायनंतर ती कडक होत जाते.

शेवटी जी एक मिलिमीटरची तार हातात येते ती १९६० ग्रेडची (दर चौरस मिलिमीटरला साधारण २०० किलो) असेल तर एकटी दीडशे किलोच्या वर वजन धरते. तेवढ्याच जाडीची सेंट्रिंगची तार पंचवीस-तीस किलोत जाईल. ही जी वाढ आहे ती मधल्या थंड ओढण्यातून आलीय, आणि गरम केलं की ती जाते. वेल्डरने दोन मिनिटांत तेच केलं.

शंकासुर

काका, अनुभवाला दंडवत, पण एक पटत नाही. दाबल्यामुळे लोखंडाचे कण जवळ येतात, घट्ट होतात म्हणून ताकद वाढते असं आम्हाला आयटीआयला शिकवलं होतं. मग गरम केल्यावर कण लांब जातात असं म्हणायचंय का?

तारवाला

कण घट्ट होतात हे मीही पहिली दहा वर्षं मानत होतो. 😀 पण तारेचं वजन करून बघा, घनता वाढलेली नसते, फार झालं तर तिळाएवढी कमीच. आत काय होतं ते मला माझ्या शब्दांत येईल पण कोणी शिकलेलं माणूस सांगेल तर बरं. इथे एक मॅडम असायच्या मेटलर्जीवाल्या.

मृण्मयी_टी

आले आले. (मूळची चिपळूणची, सध्या पुण्यात, डॉक्टरेट याच भानगडीत केली त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.)

शंकासुर, कण जवळ येत नाहीत, कणांना *सरकायला अडथळा* होतो. पोलाद वाकतं म्हणजे काय तर अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. पण अख्खा थर एकदम सरकवायचा तर प्रचंड जोर लागेल, हिशोबाने बघितलं तर लोखंडाला १० गिगापास्कलच्या (दर चौरस मिलिमीटरला साधारण एक टन) वर लागायला हवा, आणि प्रत्यक्षात मऊ लोखंड त्याच्या पन्नासाव्या भागातसुद्धा वाकतं. हे कोडं सुटलं १९३४ साली, टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळं बसून एकच उत्तर काढलं: डिसलोकेशन.

समजा पावसाळ्यात शाकारलेल्या होडीवर मोठी ताडपत्री आहे, भिजून जड झालेली, आणि ती वीतभर पुढे सरकवायचीय. सगळी एकदम ओढायला सहा माणसं लागतील. पण एका टोकाला वीतभराची घडी उचलली आणि ती घडी ढकलत ढकलत दुसऱ्या टोकाला नेली तर एकटा माणूस करतो. डिसलोकेशन म्हणजे अणूंच्या थरातली ती घडी. घडी जितकी सहज धावेल तितकं लोखंड मऊ.

आता ताडपत्रीवर ठिकठिकाणी चिरे ठेवले तर? घडी चिऱ्याशी येऊन अडते. पोलाद मजबूत करायचं म्हणजे एवढंच, घडीच्या वाटेत चिरे टाकत जायचं. चिरे अनेक प्रकारचे असतात:

दोन स्फटिककणांमधली सीमा हा एक चिरा. कण जितके बारीक तितक्या सीमा जास्त. इंग्लंडमध्ये हॉलने १९५१ ला आणि पेचने १९५३ ला मोजून दाखवलं की कण चारपट बारीक केले तर त्यांच्यामुळे मिळणारी ताकद दुप्पट होते (वर्गमुळाचा हिशोब आहे). म्हणून बारीक कणांचं पोलाद मजबूत.

दुसरा चिरा म्हणजे खुद्द दुसऱ्या घड्या. तार ओढताना नवीन डिसलोकेशन लाखोंनी जन्माला येतात आणि एकमेकींत अडकतात, जाळ्यात जाळं गुंतावं तसं. मऊ तापवलेल्या पोलादाच्या एका घन मिलिमीटरमध्ये सगळी डिसलोकेशन सरळ करून टोकाला टोक लावली तर जास्तीत जास्त किलोमीटरभर भरतील. खूप ओढलेल्या तारेत? हजार किलोमीटर आणि वर. महाराष्ट्राचा सगळा किनारा डहाणूपासून रेड्डीपर्यंत ७२० किलोमीटर धरतात, तो अख्खा एका मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान तुकड्यात मावून वर उरेल.

पण वायरच्या बाबतीत खरा हिरो तिसराच आहे, त्याचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

कोयता_कंबरेला

ताडपत्रीचा समाजला. एक नंबर. कुकर झालो की सांगा.

साइट_इंजिनिअर

मस्त चाललंय. रच्याकने, पुलाच्या गर्डरमध्ये आम्ही जो स्ट्रँड घालतो तो याच जातीचा, सात तारांचा, १५.२ मिमीचा स्ट्रँड कमीत कमी २६० किलोन्यूटनला तुटायला हवा, म्हणजे अंगठ्याएवढ्या दोरीला २६ टन. त्याच्या आसपास वेल्डिंग तर सोडाच, वेल्डिंगच्या अर्थिंगची वायरसुद्धा चिकटवू देत नाहीत, एक ठिणगी बसली तरी तो तुकडा बाद. नवीन पोरांना हे पटत नाही, म्हणतात एवढं जाड लोखंड ठिणगीने काय होणार. आता हा धागा दाखवतो.

मृण्मयी_टी

हं, कुकर झाला. तिसरा हिरो.

काकांनी पेटंटिंग सांगितलं, ते कशासाठी करतात हे महत्त्वाचं. ०.८ टक्के कार्बनचं पोलाद लाल करून ५००-५५० वर आणलं की त्यात दोन पदार्थांचे पापुद्रे तयार होतात, एक आड एक. मऊ फेराइट, म्हणजे जवळपास शुद्ध लोखंड, आणि कडक सिमेंटाइट, म्हणजे लोखंड-कार्बनचं संयुग. वजनाने फेराइट ८८ टक्के आणि सिमेंटाइट १२ टक्क्यांच्या आसपास. या रचनेला पर्लाइट म्हणतात. शेफील्डच्या हेन्री सॉर्बीला एकोणिसाव्या शतकात मायक्रोस्कोपखाली हे शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं चमकताना दिसलं, म्हणून मोत्यावरून नाव. कालवाची शिंप उन्हात तिरकी धरली की जे रंग दिसतात ना, तसं, आणि कारणही तेच, बारीक बारीक थर.

पेटंटिंगने हे थर फार बारीक मिळतात, एका जोडीची जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा सात-आठशे जोड्या बसतील. आणि मग तार ओढली की

आडाळी

मृण्मयी, मध्येच तोंड घालते, हे तर चिरोट्यासारखं झालं! पोळीवर साटा, परत पोळी, परत साटा, आणि मग गुंडाळी करून लाटायचं. लाटताना सगळेच पापुद्रे पातळ होतात.

मृण्मयी_टी

(अर्धवट पोस्ट झाला, सॉरी.) ताई, वर्गात शिकवताना मी हेच वापरणार आहे आता, तुमची परवानगी गृहीत धरून!

अगदी तेच. तार ओढताना सगळे पापुद्रे तारेच्या लांबीच्या दिशेला वळतात आणि पातळ होतात, तारेच्या व्यासाच्याच प्रमाणात. साडेपाचची एक मिमी केली तर १०० नॅनोमीटरचे १८ झाले. फेराइटमधली घडी आता १८ नॅनोमीटरहूनही अरुंद बोळात अडकलीय, दोन्ही बाजूला सिमेंटाइटची भिंत. तिला धावायला जागाच नाही. एंबरी आणि फिशर यांनी १९६६ मध्ये याचा हिशोब मांडला, त्यात हॉल-पेचचाच नियम पण कणाच्या जागी पापुद्रा, आणि म्हणून ताकद ओढण्याबरोबर नुसती वाढत नाही तर वाढीचा वेगही वाढत जातो. साधं लोखंड ओढलं तर थोड्या वेळाने दमतं, पर्लाइट दमत नाही.

चिरोटा आणि तारेत फरक एकच: साटा मऊ असतो, सिमेंटाइट काचेसारखं ठिसूळ. मग ते न फुटता पातळ कसं होतं? कारण मुळात एवढं पातळ आहे म्हणून. जाड थर असते तर तडकले असते आणि तार डायमध्येच तुटली असती. म्हणून आधी पेटंटिंग, मग ओढणं, हा क्रम उलटा चालत नाही.

शंकासुर

ठीक आहे, घनतेचं मागे घेतो. पण दोन प्रश्न. एक, मग कार्बनचं काम फक्त भिंत बांधायचं? दोन, गॅल्वनाइझिंग करताना तार ४५० डिग्रीच्या जस्तात बुडवतातच की, आणि वर साइट इंजिनिअर म्हणतायत त्या स्ट्रँडला तर कारखान्यात मुद्दाम ३५०-४०० पर्यंत तापवतात (आमच्या भावाची फॅक्टरी व्हिजिट झालेली). मग वेल्डरवरच का खापर?

तारवाला

दुसऱ्याचं मी सांगतो, पहिल्याचं मॅडम सांगतील.

जस्तात तार काही सेकंद असते, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यानेही ताकद थोडी उतरतेच. आम्ही ती उतरण धरून आधीच जरा जास्त ओढायचो. पुलाच्या जाड तारांसाठी पोलादात सिलिकॉन वाढवतात, त्याने सिमेंटाइट जस्ताच्या उष्णतेत लवकर ढळत नाही. जपानचा आकाशी काइक्यो पूल १९९८ ला सुरू झाला, मधला गाळा १,९९१ मीटर, त्याची ५.२३ मिमीची तार अशीच सिलिकॉनची, १८०० मेगापास्कलची (म्हणजे १.८ गिगापास्कल). स्ट्रँडला तापवतात ते ताण देऊन आणि सेकंदांपुरतं, त्याने ताकद जात नाही, उलट पुढे वर्षानुवर्षं ताणून ठेवल्यावर ती सैल पडत नाही. ३५०-४०० आणि ७०० यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि वेल्डिंगचा आर्क तर काही हजार डिग्री.

जोडाच्या शेजारी काय झालं ते बघा. अगदी चिकटून जो भाग होता तो ७२७ डिग्रीच्या वर जाऊन परत भराभर थंड झाला, ०.८ कार्बनचं पोलाद असं थंड झालं की काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. तिथेही तुटू शकलं असतं. त्याच्या पलीकडचा पट्टा एवढा तापला नाही पण ५००-६०० पर्यंत गेला, तिथे सगळी कमाई धुऊन गेली, पापुद्र्यांचे गोळे झाले आणि गुंतलेल्या घड्या सुटल्या. तो पट्टा सेंट्रिंगच्या तारेच्या जातीचा झाला. निळसर भाग म्हणताय तो त्याच्याही बाहेरचा, निळा रंग साधारण ३०० च्या आसपास येतो, म्हणजे उष्णता कुठवर पोचली होती त्याची ती खूणच.

खारावारा, एक प्रयोग करा. तुटलेल्या टोकाजवळची एक तार आणि चार हात लांबची एक तार घ्या. दोन्ही सांडशीत धरून बोटाने वाकवा आणि सोडा. काय होतं ते इथे लिहा. डोळ्याला चष्मा लावून करा, लांबची तार चाबकासारखी उसळेल.

मृण्मयी_टी

शंकासुर, पहिला प्रश्न फार चांगला आहे, याच्यावर पंचवीस-तीस वर्षं भांडणं झाली.

कार्बनचं काम आधी भिंत बांधायचं. पण खूप, म्हणजे खूपच ओढलं तर भिंतच विरघळायला लागते. पुस्तकात हे बसत नाही, कारण फेराइटमध्ये कार्बन मावतच नाही, ७२७ डिग्रीला फार तर ०.०२ टक्के आणि घरातल्या तापमानाला जवळजवळ शून्य. तरी अ‍ॅटम प्रोब नावाच्या यंत्राने (एकेक अणू सोलून मोजतं ते) बघितलं तर ओढलेल्या तारेच्या फेराइटमध्ये कार्बन सापडतो, आणि सिमेंटाइटमधला कमी झालेला असतो. घड्यांची गर्दी इतकी होते की कार्बनला सिमेंटाइटमध्ये राहण्यापेक्षा घडीजवळ आणि बारीक कणांच्या सीमांवर जाऊन बसणं परवडतं. आणि तिथे बसला की घडी जागची हलत नाही आणि सीमाही सरकत नाही. म्हणजे भिंत पडली तरी विटा वाया जात नाहीत.

याचं टोक म्हणजे २०१४ साली ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेतल्या आणि इतर संशोधकांनी ओढलेली एक तार. अर्ध्या मिलिमीटरपासून सुरू करून २० मायक्रॉनपर्यंत आणली, केसाच्या पावपट. ताकद जवळपास ७ गिगापास्कल, म्हणजे मी वर जो १० च्या वरचा आदर्श आकडा दिला त्याच्या दिशेने बरीच पुढे गेली. अशी एक तार, जी नीट दिसतसुद्धा नाही, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वजन धरेल, म्हणजे एक बऱ्यापैकी हापूस.

कोयता_कंबरेला

केसाच्या पावपट तारेक हापूस टांगल्यानी! देवगडचो काय रत्नागिरीचो? ह्याच्यावर वेगळो धागो काढूक होयो.

साइट_इंजिनिअर

देवगडचाच. विषय संपला.

खारा_वारा

रत्नागिरीच्या माणसाच्या धाग्यावर येऊन हे बोलायची हिंमत. 😡😄 प्रयोग उद्या करतो, बोट आत्ता समुद्रात आहे.

आडाळी

आंब्याची भांडणं नकोत प्लीज, मागच्या वेळी दोनशे प्रतिसाद झाले होते. माझा एक भाबडा प्रश्न. मग लोहार विळ्या-कोयत्याला ठोकून ठोकून धार आणतो ते पण हेच का? आमच्या इथला लोहार ट्रकच्या कमानपाट्याचे कोयते करतो, नारळाच्या झावळीवर कितीही घाला, धार जात नाही.

तारवाला

नाही ताई, ते वेगळं. तो पाटा लाल करून ठोकतो, लाल असताना ठोकलेलं कमावलेलं टिकत नाही, घड्या जागच्या जागी सुटत जातात. त्याची धार येते ती शेवटी पाणी पाजण्यातून (लाल पातं झटकन पाण्यात बुडवणं), तेव्हा जे कडक रूप तयार होतं ते. जोडाच्या अगदी शेजारी जे ठिसूळ झालं म्हणालो ना तेच, फक्त लोहार ते मुद्दाम करतो आणि नंतर बेताने परत तापवून ठिसूळपणा काढतो. वेल्डर ते न कळत करतो आणि तसंच सोडतो. हो, काही लोहार थंड झाल्यावर धारेवर हलक्या हाताने ठोके देतात, ते मात्र आपल्या तारेच्या जातीचं.

शंकासुर

आणि घराची सळई? जुन्या घरांना पिळाची सळई असायची, टोरची.

साइट_इंजिनिअर

टोर म्हणजे थंड पिळलेली, तिची वाढीव ताकद ओढलेल्या तारेसारखीच थंड कामातून, आणि म्हणून तीही गॅसवर तापवून वाकवली की मऊ पडायची. हल्लीची टीएमटी वेगळी, ती गरम असतानाच पाण्याच्या फवाऱ्यातून जाते, बाहेरची साल कडक आणि आतला गर मऊ. खारावारांच्या गेटची सळई साधी गोल असणार, तिच्याकडे गमवायला काहीच नव्हतं.

मृण्मयी_टी

"तिच्याकडे गमवायला काहीच नव्हतं", हे मी चोरणार.

शंकासुर

शेवटचा. मग तार अजून अजून ओढतच का जात नाही? सगळ्याच वायरी ७ गिगापास्कलच्या करा की.

तारवाला

कारण मग तुम्ही तिला वाकवू शकणार नाही. 😀 ताकद वाढते तसा ताण सोसून लांबण्याचा गुण जातो. आमच्याकडे तारेची परीक्षा तिला ओढून नाही, पिळून व्हायची. शंभर व्यास लांबीचा तुकडा दोन्ही टोकांना पकडून पिळत जायचा. चांगली तार भरपूर वेढे घेते आणि शेवटी सरळ आडवी तुटते, टोक सपाट, जणू सुरीने कापलंय. बिघडलेली दोन-चार वेढ्यांतच लांबीच्या दिशेने चिरत जाते, बांबू चिरल्यासारखी, आणि चरचर असा आवाज येतो. तो आवाज आला की सगळ्या शॉपला कळायचं, अख्खी बॅच गेली.

बहुतेक वेळा कारण एकच असायचं, ओढताना तार जास्त तापलेली. वेग वाढवला की ड्रमचं (ज्यावर तार गुंडाळली जाते तो, पाण्याने थंड ठेवतात) पाणी पुरत नाही, तार दीडशे-दोनशे डिग्रीच्या वर गेली की मॅडम म्हणतात तो कार्बन घड्यांवर नको तेवढा जाऊन बसतो आणि तार ठिसूळ होते. एकदा आमच्या इथे रात्रपाळीत ड्रमच्या पाण्याचा पाइप तुंबला, कोणाच्या लक्षात आलं नाही, सकाळी जी तार पिळली ती दुसऱ्या वेढ्याला चिरली. आठ टन भंगारात. सुपरवायझर मीच होतो. ती चरचर अजून ऐकू येते.

आणि खाऱ्या पाण्यात जास्त ताकदीची तार जास्त नाजूक असते, गंजताना जो हायड्रोजन सुटतो तो आत शिरतो आणि आधी मजबूत तारेलाच तडकवतो. त्यामुळे बोटीवर सगळ्यात वरच्या ग्रेडच्या मागे लागू नका. त्यापेक्षा ग्रीस वेळेवर, आतपर्यंत.

खारा_वारा

झाला प्रयोग. चष्मा लावून. 🙏

लांबची तार: वाकवली, सोडली, टणकन सरळ झाली, सांडशीतून निसटून मामाच्या लुंगीला लागली. शिव्या खाल्ल्या.

जोडाशेजारची तार: वाकवली आणि तशीच राहिली. अक्षरशः सेंट्रिंगच्या तारेसारखी, बोटाला गुंडाळून अंगठी केली. जोडाच्या अगदी लगतची एक घेतली ती वाकवताच कट्कन तुटली. म्हणजे काकांनी सांगितलं ते तिन्ही एकाच वायरीत निघालं. मामा बघत होता, काही बोलला नाही, अंगठी खिशात टाकली.

नवीन वायर घेतोय. आता हे सांगा, टोकाला आय (अडकवायचा फासा) करायची तर काय? आणि कापायची कशी, गॅसने नको हे कळलं.

तारवाला

कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बारीक तारेने घट्ट आवळून घ्या, नाहीतर पेड उलगडतील, आणि मग कटर किंवा डिस्क. डिस्कने टोक जरा तापलं तर चालेल, ते टोक भार घेत नाही. आयला थिंबल (फाशाच्या आत बसणारी लोखंडी खोबण) घाला आणि यू-क्लिप (वायरचे दोन पदर एकत्र आवळणारी पकड) लावणार असाल तर क्लिपचा बसका भाग ताण येणाऱ्या वायरवर आणि यू सुट्या टोकावर, उलटं केलं तर यू भाराच्या तारा चेपतो. सगळ्या क्लिपा एकाच दिशेला. पहिल्या फेरीनंतर परत आवळा.

शंकासुर

काका, कारखान्यात पण रॉडच्या वेटोळ्यांची टोकं वेल्डिंगनेच जोडतात ना?

तारवाला

जोडतात. पण ओढायच्या *आधी*. जोडतात, मग जोड नीट तापवून मऊ करतात, मग बाकीच्या रॉडसकट ओढतात, म्हणजे जोडही कमाई करतच पुढे येतो.

मृण्मयी_टी

शंकासुर, तुमच्यामुळे धागा चांगला झाला हे सांगून ठेवते. वाखुसा (वाचनखूण साठवली).

खारा_वारा

आज बंदरावर वेल्डरला गाठलं. तिन्ही तुकडे दिले हातात, म्हटलं स्वतः वाकवून बघ. त्याने वाकवले, दोनदा वाकवले, बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे भाऊ तुझं, आर्क जास्त तापवतो. पुढच्या वेळी पितळेने ब्रेझिंग करून देतो."

काका, ब्रेझिंग चालेल का?

तारवाला

पितळ वितळायलाच ९०० च्या आसपास लागतं.

त्याला चहा पाजा आणि तुकडे परत घ्या.